खुनाचं वाण

मी भित्री बाई आहे. वर्गात पाल निघाली की मुलांच्या आधी मी खुर्चीवर चढलेली असते. तरीही मी खून लिहिते, आणि याचं ज्याला त्याला हसू येतं. भित्र्या माणसाला घरात, दारात, सगळीकडे काय वाईट होऊ शकेल तेच दिसत असतं. रहस्यकथेला तेवढं भांडवल पुरतं. माझ्या खुनांत रक्त नसतं, पाठलाग नसतो. माणूस मरतो, लोक हळहळतात, चहा होतो, आणि पिठाची गिरणी चालवणारी एक बाई कुणाच्या घरचं दळण एकाएकी वाढलं यावरून गुन्हेगार हुडकून काढते. 'घरगुती रहस्यकथा' असं नाव मीच त्याला ठेवलं आहे.

एका प्रकाशकाने हस्तलिखित परत पाठवलं. खून आहे तर पोलीस इन्स्पेक्टर का नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्यांनी उत्तरही दिलं नाही. मी चिडले आणि स्वतःच छापायचं ठरवलं. सुटीच्या दिवशी बोरीहून परभणी गाठायची आणि डीटीपीवाल्याच्या बाजूला बसून प्रुफं तपासायची, असं बरेच दिवस चाललं. त्याने मुखपृष्ठावर रक्ताने माखलेला सुरा टाकला होता. पुस्तकात सुरा कुठेच नाही म्हटलं, तर म्हणाला, "मॅडम, सुऱ्याबिगर खून हाय ते कसं कळंल लोकायला?" शेवटी भांडून मी सुऱ्याच्या जागी खाटेवर वाळत घातलेल्या पापडांचं चित्र घ्यायला लावलं. पुस्तक ऑनलाइन विक्रीला ठेवलं. पुण्याच्या कुणा बाईंनी कौतुकाच्या दोन ओळी लिहिल्या, त्या मी दिवसभर फोनवर उघडून वाचत होते. बाकीच्या प्रती खोक्यांतून घरी आल्या आणि दिवाणाखाली जाऊन बसल्या.

पुस्तकातली गोष्ट अशी होती. माळवदावर पापड घालायला चढलेली घरातली म्हातारी जिन्यावरून घसरून मरते. सगळे म्हणतात, वय झालं होतं. पण पायरीला कुणीतरी तेल चोळलेलं असतं. ते चोळते थोरली सून, जी सासूला भाकरी कुस्करून भरवत होती, जिचं उदाहरण गाव आपल्या सुनांना देत होतं. या प्रकारच्या लिखाणात गुन्हेगार असा लागतो की ज्याच्यावर वाचकाचा संशय जाणार नाही. असं कोण असेल म्हणून मी आजूबाजूला पाहिलं, तर माझी थोरली जाऊ दिसली. आमच्या सासूबाईंचं सगळं तीच करायची. मी शाळेत, ती घरात. तिच्यावर संशय घेणारा माणूस अख्ख्या बोरीत सापडला नसता. एका अर्थी मी तिचा मानच केला होता.

आमच्या सासूबाईही घसरूनच गेल्या होत्या, जिन्यावर नाही, न्हाणीत. शहाबादी फरशीवर पाय सरकला, खुबा मोडला, आणि परभणीच्या दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत. लिहिताना मी गाव बदललं, न्हाणीचा जिना केला, ऋतू बदलला. एवढं बदललं म्हणजे झालं, असं मला वाटलं.

संक्रांतीच्या आधी आक्का, म्हणजे जाऊबाई, दिवाणाजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "दरसाली पलास्टिकच्या वाट्या कामून लुटायच्या? यंदा तुझं पुस्तकच वाण देऊ. घरातच पडलंय."

ओळखीपाळखीच्या प्रत्येक घरात ते पुस्तक जाणार होतं, आणि तेही आक्कांच्या हाताने. नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागलं असतं. "कोण वाचणार आक्का, उगं रद्दीत देतील," एवढंच मी पुटपुटले. त्यांनी तोवर खोकी ओढायला घेतली होती.

हळदी-कुंकवाला बायका लोटल्या. आक्का दारात उभ्या. हळद, कुंकू, तिळगूळ, आणि पदरात पुस्तक. त्यांचं बोट एरवी नेमकं कपाळाच्या मध्यावर टेकतं. त्या दिवशी दोघी-तिघींचं कुंकू भुवईकडे सरकलं. गर्दीमुळे असेल, असं मला वाटलं. एकीने विचारलं, "कशावर हाय ओ पुस्तक?" आक्का म्हणाल्या, "सासू-सुनंचं हाय. वाचा की." मी आत ऊस तोडत होते. कोयता खाली ठेवला आणि कान दिला.

नंतरचे दिवस मी जीव मुठीत धरून काढले. बायका वाचणार नाहीत हा माझा अंदाज साफ चुकला. कुणी स्वतः वाचलं, कुणी मुलीकडून वाचून घेतलं. किराणा दुकानात मी गेले की बोलणं थांबायचं. आमच्या घरी बायकांचं येणं वाढलं. कुणी विरजण मागायला यायची आणि जाताना न्हाणीकडे मान वळवून जायची. गल्लीतल्या एका बाईने मला शाळेच्या वाटेवर गाठलं, लय छान लिवलंय म्हणाली, आणि मग हळूच विचारलं, "मास्तरीणबाई, तुमच्या सासूबाई पडल्या तवा तुमी शाळेत व्हत्या ना? मंग घरी कोण व्हतं?"

त्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. आक्कांच्या जन्मभराच्या सेवेवर मी पाणी ओतलं होतं, तेही छापून. आज ना उद्या कुणीतरी त्यांना तोंडावर विचारणार होतं.

घरात आक्का बोलेनाशा झाल्या. रोज न्हाणी घासायला लागल्या. आधीच स्वच्छ असलेली फरशी राख लावून, मग विटकरीने, मग पुन्हा राखेने. त्यांना कळलंय, रागावल्यात, असं मी धरून चालले. पण त्यांना असं वाकून घासताना बघत राहिले आणि मनात एक भलताच विचार आला. माझ्याच पुस्तकातली गिरणीवाली हे बघून काय म्हणाली असती, ते मला ठाऊक होतं. दुपारी त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. मी कप उचलला आणि आधी वास घेतला. त्यांनी ते पाहिलं. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही, आणि एवढी भीतीही.

पुढच्या रविवारी पडवीत आम्ही दोघी गवारीच्या शेंगा मोडत होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. सूप मध्ये होतं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुला कधी कळलं?"

काय कळलं, हेही मला विचारता येईना.

"गोधड्या धुयाला काढल्या व्हत्या," त्या म्हणाल्या. "फरशीवर समदा फेस. तेवढ्यात म्हैस सुटली. मन्लं, आधी तिला बांधावं, मंग पाणी मारावं. मी तिकडं पळाले आन् सासूबाई उठून न्हाणीत गेल्या. आधी त्यायला उचललं, खाटंवर आणलं. मंग लोकं यायच्या आत फरशीवर पाणी मारलं. कामून मारलं ते आजूक मला कळंना. कुणाला बोलले न्हाई. तुझ्या दिराला बी न्हाई." शेंगा मोडणारे हात थांबले. "तू तेल लिवलंस. साबण व्हता."

"आक्का, मला यातलं काहीच माहीत नव्हतं," मी म्हणाले. "तुमच्यावर कधीच कुणाचा संशय जाणार नाही, म्हणून मी थोरल्या सुनेला..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपणच आत्ता सांगून बसलो, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना मला दिसलं.

एक शेंग उचलून मोडत त्या म्हणाल्या, "वाण द्यायच्या आधीच वाचलं व्हतं मी. तू शाळंत गेल्यावर, रोज थोडं थोडं. मन्लं, हिला कळलंय, आन् आता ही गावाला सांगायलीय. तर मंग जाऊ दे माझ्याच हातानं."

म्हणजे कुंकू सरकलं होतं ते गर्दीमुळे नव्हे. त्या सगळ्या दिवसांत मी माझ्याच भीतीला कवटाळून बसले होते, आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त घाबरलेलं माणूस मला रोज डबा भरून देत होतं. मी त्यांचा हात धरला. रडू मला आलं, त्यांना नाही.

"पाय कुणाचाही घसरतो, आक्का," मी म्हणाले. "म्हैस सुटल्यावर मीसुद्धा पळाले असते." त्या सूप उचलून आत गेल्या. स्वयंपाकघरातून आवाज आला, "परत लिवशील तवा तेल लिवू नगस. साबण लिव."

"लोक काय म्हणतील?"

"मनायले की आताबी."

हे लिहायला मला बराच काळ लागला. गावातल्या बायका अजूनही न्हाणीकडे बघतात. पण या वेळी कुणाच्याही पदरात पडायच्या आधी हे मी आक्कांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. मध्ये एकदा फक्त त्यांनी मला थांबवलं.

"म्हैस सुटली व्हती, ते लिवलंस का?"

"लिहिलंय, आक्का."