फाटक लागल्यानंतरचं गाणं

मागच्या मे महिन्यात, लग्नसराईच्या शेवटच्या रविवारी, वटारमधल्या एका मांडवात माझ्या धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांनी डीजेची वायर उपटली. भर दुपार होती. नवरी गाडीत बसत होती. आधी जी वायर हातात आली ती कुलरची निघाली. दुसरी बरोबर होती. गाणं बंद पडलं. ज्या सीडीवरचं ते गाणं होतं, तिच्या कव्हरवर सासऱ्यांचंच नाव छापलेलं आहे.

संपलेली गोष्ट संपू द्यावी, या एका मुद्द्यावर इतका ठाम माणूस वसई-विरार पट्ट्यात दुसरा नसावा. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. वटारला त्यांची केळी आणि सोनचाफ्याची वाडी आहे, आणि वाडीतल्या घरात एक अख्खी भिंत रेकॉर्डी, कॅसेट आणि सीडींनी भरलेली आहे. सीडीचा काळ आला तेव्हा कंपन्यांनी जुने अल्बम नव्याने काढताना उरलेल्या जागेत दोन-तीन गाणी जास्तीची घालायला सुरुवात केली आणि कव्हरवर ‘बोनस’ असं छापलं. गिऱ्हाईक खूश झालं. आबा झाले नाहीत. बोनस गिरणीतल्या कामगाराला देतात, गाण्याला नाही, असं त्यांनी दुकानदाराला सांगितलं आणि सीडी मात्र घेतली. घरी आणून त्यांनी बोनस गाण्यांच्या नावांवर वायरमन वापरतात ती काळी चिकटपट्टी लावली. आज त्या भिंतीवरच्या निम्म्या कव्हरांना असं काळं फासलेलं आहे. पट्टीखाली काय आहे असं कुणी विचारलं तर ते ‘काही नाही’ म्हणतात. एक कॅसेट तर दोन्ही बाजूंनी पूर्ण काळी होती. मी एकदा विचारलं तेव्हा तिच्याबद्दलही हेच उत्तर मिळालं होतं.

त्यांच्याबरोबर सीडी ऐकणं ही बसून करायची गोष्ट असली तरी दमवणारी आहे. शेवटचं मूळ गाणं लागलं की ते खुर्ची पुढे ओढतात आणि बोट बटणावर ठेवतात. गाणं संपल्याबरोबर मशीन बंद करत नाहीत, कारण गाण्यानंतरची शांतता त्या गाण्याचीच असते. पण पुढच्या गाण्याचा पहिला ठोका पडायच्या आत मात्र बंद झालंच पाहिजे. या मधल्या वेळात खोलीत कुणी हलत नाही. एकदा नेमकी तेव्हा त्यांना शिंक आली, बोट सटकलं आणि जास्तीच्या गाण्याचा ढोलकीचा एक तुकडा ऐकू आला. आबांनी मशीन थांबवलं, चष्मा पुसला आणि पहिल्या गाण्यापासून सगळी सीडी पुन्हा लावली. त्या संध्याकाळी मला बोळिंजला घरी परतायला बराच उशीर झाला.

यामागे त्यांचा विचार आहे, आणि तो त्यांनी मैफिलींतून उचलला आहे. भैरवी झाली की गवई उठतो. भैरवीनंतर पुन्हा फर्माईश करणाऱ्याला गाणं कळलेलं नसतं आणि ती पुरवणाऱ्या गवयाला फक्त पैसे कळलेले असतात. गाण्यांचा क्रम म्हणजे पत्र्याच्या डब्यात भरलेले लाडू नव्हेत, आणखी चार मावतात म्हणून कोंबायला. पहिलं गाणं शेवटच्याकडे बघत म्हटलेलं असतं, असं ते म्हणतात. गावातल्या शाळेच्या सभागृहात एकदा एका गवयाने भैरवीनंतर आग्रहाखातर नाट्यगीत सुरू केलं. आबा बाहेर चपलांपाशी जाऊन उभे राहिले. कार्यक्रम संपल्यावर लोक निघाले तेव्हा प्रत्येकाला त्यांनी भैरवी कशी झाली एवढंच विचारलं.

हा नियम गाण्यापुरता राहिला असता तर माझ्या बहिणीला, वैशालीला, संसार सोपा गेला असता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तिने ताकभातानंतर त्यांच्या पानात हौसेने करंजी वाढली. आबांनी ती निरखून पाहिली आणि शांतपणे विचारलं, “ही कोणत्या जेवणातली?” निरोपाचंही तसंच. आपल्याकडे पाहुणा उठल्यावर दारात एकदा, ओट्यावर एकदा आणि फाटकाशी निवांत, असं तीनदा बोलणं होतं. आबा फाटकापर्यंत येतात, ‘या’ म्हणतात आणि फाटक लावतात. माझं हेल्मेट एकदा आत राहिलं. मी बाहेरून सांगितल्यावर त्यांनी ते आणलं आणि कुंपणावरून दिलं. फाटक उघडलं नाही. तरीही माझ्यावर त्यांचा लोभ आहे, कारण मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो आणि बातमी लांबली की शेवटाकडून कापायचो. “तुम्ही शेपूट कापणारी माणसं,” ते म्हणतात, “म्हणून आपलं जमतं.”

त्यांचा स्वतःचा अल्बम एकच. ‘आमच्या वाडीतलं लग्न’ नावाची ती कॅसेट त्यांनी वैशाली त्या घरात येण्याच्या काही वर्षं आधी काढली. त्यांच्या बोलीतली लग्नगीतं, मुलीच्या घरी ज्या क्रमाने म्हणतात त्या क्रमाने: मांडव घालण्यापासून हळद, तेल, लग्न आणि शेवटी पाठवणी. पाठवणीनंतर कॅसेटवर फाटक लागल्याचा आवाज आहे. तो त्यांच्याच वाडीच्या फाटकाचा आहे. तो मिळवणं सोपं नव्हतं, कारण वैशालीच्या सासूबाई दर महिन्याला बिजागऱ्यांना तेल घालत आणि फाटक अगदी गुपचूप लागत असे. आबांनी तेलाची बाटली लपवली, एक पावसाळा जाऊ दिला आणि फाटक चांगलं कुरकुरायला लागल्यावर टेपरेकॉर्डर घेऊन बसले. तेव्हापासून त्या फाटकाला तेल घालायला घरात बंदी आहे.

ही गाणी मुळात बायकांची, आणि गावात ती सगळ्यात चांगली सासूबाई म्हणत. पण त्यांनी कॅसेटसाठी गायला नकार दिला. मांडव पडलेला नसताना ही गाणी म्हणायची नाहीत, असा त्यांच्याकडचा रिवाज. “लगीन नाय घरात,” त्या म्हणाल्या होत्या, “तर गानं कोनासाठी?” इतर बायकांनीही तेच सांगितलं. मग हळदीची आणि नवरीच्या आईची सगळी गाणी आबांनी आणि भजनी मंडळातल्या त्यांच्या दोन मित्रांनी म्हटली. चाली सासूबाईंनी शिकवल्या, त्याही स्वतः न गाता, फक्त ‘असं नाय’ एवढं म्हणून. तीन बाप्ये गळा काढून लेकीला निरोप देतात ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते. कॅसेट ऐकताना पाठवणी येईपर्यंत ती विसरायला होते.

पुढे मुंबईतल्या एका कंपनीने कॅसेटचे हक्क घेतले आणि सीडी काढली. तिच्यात शेवटी दोन गाणी वाढवली: हळदीच्या गाण्याचं कीबोर्डवर वाजवलेलं रिमिक्स आणि भलत्याच कुणाचं तरी नाचाचं गाणं. आबांना हे सीडी घरी आल्यावर कळलं. पाठवणी होते, फाटक लागतं, आणि पाठोपाठ धडाधड पुन्हा हळद. “मुलगी सासरी गेली,” ते मला म्हणाले, “आणि आता हे परत हळद वाटायला बसलेत.” पण लग्नांतून वाजायला लागली ती सीडीच. मेमधल्या त्या रविवारीही डीजेने पाठवणीला तीच लावली होती. नवरीची आई रडत होती. फाटक लागल्याचा आवाज झाला, रिमिक्स सुरू झालं आणि कलवऱ्या नाचायला लागल्या. आबा खुर्चीतून उठले. पुढचं वर सांगितलं आहे.

त्या प्रसंगानंतर वैशालीने मूळ कॅसेट जशीच्या तशी, आठच गाण्यांची, इंटरनेटवर टाकायचं ठरवलं. कंपनी कधीच बंद पडली होती, हक्क परत आबांकडे आले होते. आबा खूश होते. चांगली प्रत शोधताना, ते वाडीत पाणी लावायला गेले असता, वैशालीच्या हाती ती पूर्ण काळी कॅसेट आली. तिने पट्टी सोलली. आत नाव नव्हतं. तिने ती लावली आणि थोड्या वेळाने मला फोन केला.

कॅसेटवर सासूबाईंचा आवाज होता. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली आहेत, आणि त्यांचं गाणं कुठेच रेकॉर्ड झालेलं नाही असा घरात सगळ्यांचा समज होता. रेकॉर्डिंग वैशालीच्याच लग्नाच्या दिवसाचं होतं. घरात मांडव होता, त्यामुळे गायला हरकत नव्हती. वऱ्हाड नवरी घेऊन पोचण्याआधी सासूबाई स्वयंपाकघरात सून घरात घेतानाचं गाणं म्हणून पाहत होत्या, आणि आबांनी फळीवरच्या डब्यांमागे टेपरेकॉर्डर चालू ठेवला होता.

“दादा, आई माझ्यासाठी गात होत्या,” वैशाली फोनवर म्हणाली. “आणि दारात आम्ही आलो तेव्हा बँडवाल्यांनी एवढा गोंधळ घातला होता, मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.”

तिने संध्याकाळी आबांना सांगितलं की हे नववं गाणं करायचं. आबांनी नाही म्हटलं. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा वाद तिथेच होता.

“एका घरचं फाटक लागतं, दुसऱ्या घरी सून येते,” वैशाली म्हणाली. “यात तुटलं काय, आबा?”

“ती मुलीकडची कॅसेट आहे,” आबा म्हणाले. “मुलगी गेली, आईबाप आत आले, घर रिकामं झालं. ऐकणाऱ्याला मला त्या रिकाम्या घरात बसवायचं आहे. तू लगेच त्याला दुसऱ्या घरच्या लग्नाला नेलंस, तर तो रडेल कधी?”

“मग आई कुठे राहणार? काळ्या पट्टीखाली?”

आबा उठून केळींना पाणी पोचलं का ते बघायला गेले. ते सकाळीच पोचलं होतं.

यानंतर सासरा-सुनेचं बोलणं कामापुरतं झालं. वैशाली रोज रात्री ताकभातानंतर त्यांच्या पानात एक लाडू ठेवत होती, काही न बोलता. आबा तो रोज ताटाबाहेर काढून ठेवत होते, काही न बोलता. माझे मेहुणे दोघांच्या मध्ये बसून जेवत आणि तो लाडू खात. पुढच्या आठवड्यात त्यांनीच मला बोलावून घेतलं.

आबा ओट्यावर चाफ्याची फुलं निवडत होते. कॅसेट त्यांनी ऐकली का, असं मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. सासूबाई गेल्यापासून एकदाही लावली नाही, पट्टी त्यांनी तेव्हाच गुंडाळली होती. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि वैशालीला ऐकू जाईल अशा बेताने मला म्हणाले, “तुम्ही पेपरात शेपूट कापायचात की नाही? सांगा तिला.”

मी सांगितलं की कापायचो. जागा नसेल तेव्हा कापायचो, आणि कापलेला मजकूर महत्त्वाचा असेल तर दुसऱ्या दिवशी त्याची स्वतंत्र बातमी करायचो.

आबांनी हातातलं फूल टोपलीत ठेवलं. दुसरं लगेच उचललं नाही. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

“स्वतंत्र,” ते म्हणाले.

“स्वतंत्र. वेगळ्या मथळ्याखाली.”

त्यांनी वैशालीला हाक मारली आणि सांगितलं की ते नववं गाणं नाही, तो दुसरा अल्बम आहे. मुलाकडचं लग्न. त्यात गाणं एकच असेल. एका गाण्याचा अल्बम होतो का, असं मेहुण्यांनी विचारलं, तर आबा म्हणाले की भरतीची गाणी घालून दहा करणारे बघितलेत, एकाने काय बिघडतं. सासूबाईंचं नाव मोठ्या अक्षरांत आणि रेकॉर्ड करणाऱ्याचं नाव नको, एवढी एकच अट त्यांनी घातली. त्या रात्री वैशालीने लाडू जेवणाच्या सुरुवातीला वाढला. आबांनी तो खाल्ला.

रेकॉर्डिंग साफ करायला मेहुणे लॅपटॉप घेऊन बसले त्या दुपारी मी तिथे होतो. आबांनी खुर्ची पुढे ओढली होती. गाणं लागलं. सासूबाई मधेच एक ओळ विसरल्या, ‘असं नाय’ असं स्वतःलाच म्हणाल्या आणि पुन्हा धरून पुढे गेल्या. गाणं संपलं. मेहुण्यांनी लॅपटॉप थांबवला आणि सांगितलं की यापुढे थोडं बोलणं आहे आणि मग बाकीचे आवाज. आबांचा नियम धरला तर इथेच कापायला हवं.

आबांनी पुढे ऐकवायला सांगितलं. सासूबाईंचा आवाज आला, “ते चालू हाय का? बंद करा. सून येते. पानी काढून ठेवा.” मग घाईची पावलं. टेप कुणी बंद केला नव्हता. आबांचे दोन्ही हात मांडीवर होते.

“राहू दे,” ते म्हणाले.

दोन्ही अल्बम आता इंटरनेटवर आहेत. पहिल्यात आठ गाणी आहेत. दुसऱ्यात एक. त्या गाण्यानंतर सासूबाईंचं बोलणं आहे, त्यानंतर लांबून बँडचा आवाज आहे, आणि त्यानंतर फाटक उघडल्याचा. तिथे रेकॉर्डिंग संपतं.