थांबलेली हलगी

मुरबाडकडच्या जत्रेत कुस्त्यांना हलगी वाजवणारा तो माणूस बोलायचा कमी, आणि बोललाच तर हलगीच्या ठेक्यात. त्या वर्षी आखाड्यात शहापूरचा नामांकित पैलवान उतरला. मागच्या जत्रेत त्याला जवळजवळ चीत केलेला गडी समोर हात वर करून उभा होता. पैलवानाने त्याला टाळून एका हलक्या गड्याचा हात धरला. मी ओरडणारच होतो, तेवढ्यात हलगी थांबली.

"वाजव की रे!" पैलवान गरजला.

"जोड बरोबरीची घ्या पैलवान, मंग वाजवतो."

कुस्ती हलगीविनाच झाली. पैलवान जिंकला, पण टाळी पडली नाही.

पुढच्या वर्षी पंचांनी दुसरा हलगीवाला आणला. जुना हलगीवाला गर्दीत माझ्या शेजारी बसला होता.

"वाईट वाटतं का?" मी विचारलं.

"वाटतं ना. पन भ्याला तो, आन खोटं मी वाजवू?"