केनवडची लाल मोटार

मुंबईतल्या एका सिनेमा कंपनीत सामान मिळवून देण्याचं काम मी करत असे. दिग्दर्शक मागतील ते हजर करायचं, पुढे त्याचं काय होतं ते विचारायचं नाही. चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत त्यांनी अमेरिकन स्पोर्ट्स मोटार मागितली. दोन सीटची, उघड्या टपाची, लाल आणि चालू. नायक शेवटच्या क्षणी तिच्यातून उडी मारणार आणि मोटार घाटातल्या कड्यावरून खाली जाणार. मोडीतला सांगाडा रंगवून देतो म्हटलं, तर साहेब म्हणाले, पडद्यावर खोटं लगेच ओळखू येतं.

त्याच आठवड्यात एका छोट्या जाहिरातीवर नजर पडली. अमेरिकन स्पोर्ट्स मोटार, उत्तम जपलेली, विकणे आहे, मुक्काम केनवड, जिल्हा अकोला. मालक विनायकराव यांच्याशी सौदा पत्रानेच ठरला. शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली होती, की मोटार आमचे ड्रायव्हर सुदामभाऊ यांच्या हातची आहे, ते देतील तेव्हाच हलेल. मी ती ओळ काही मनावर घेतली नाही. खेड्यातल्या ड्रायव्हरचं मन वळवायला कितीसा वेळ लागणार, असा माझा तोरा.

सकाळी अकोल्याला उतरून एसटी धरली. पातूरचा घाट चढून मेडशी मागे टाकली. मालेगावला (हे वाशीमकडचं, नाशिककडचं नव्हे) गाडी बदलली आणि माझी बॅग पहिल्या गाडीच्या टपावरून वाशीमला निघून गेली. कंट्रोलर म्हणाला, परत येईल, घाबरू नका. ती आजतागायत आलेली नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी पुढे निघालो.

केनवडच्या वाटेवर दुतर्फा जवस फुलला होता. काळ्या मातीवर गुडघाभर उंचीची ती निळी फुलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. गावात बाजाराचा दिवस होता. मैदानाच्या कडेला टूरिंग टॉकीजचा तंबू ठोकलेला आणि त्याच्यावर चक्क आमच्याच कंपनीच्या सिनेमाचं पोस्टर. तीन वर्षांपूर्वीचा सिनेमा, पण इथपर्यंत आला होता खरा. मला मौज वाटली.

विनायकराव चाळिशीचे, शेतीवाडी असलेले, मोकळे गृहस्थ. ही मोटार त्यांच्या वडिलांनी हौसेने हैदराबादहून आणली होती. वडील गेले, पेट्रोल महागलं आणि स्वतः विनायकरावांना मोटारीची हौस नव्हती. त्यांनी मला गोठ्याशेजारच्या खोलीकडे नेलं. दाराशी साठीचे, सडपातळ, पांढरी टोपी घातलेले सुदामभाऊ बसले होते. त्यांनी उठून माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग एकेक घडी करत मोटारीवरचं गोणपाट काढलं.

मी शेकडो मोटारी पाहिल्या आहेत, पण अशी एकही नाही. सतरा वर्षांची ती मोटार कालपरवा कारखान्यातून निघाल्यासारखी उभी होती. सीटच्या कातड्याला एक भेग नाही, खालच्या पत्र्याला गंजाचा ठिपका नाही. गंजाचं मी विचारलं तेव्हा सुदामभाऊंनी सांगितलं, की दरवर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी लोक बैलांचे खांदे चोळतात, तेव्हा ते मोटारीखाली निजून तिच्या पोटाला जवसाचं तेल चोळतात. दसऱ्याला मात्र कुणाला तिच्यावर हळदकुंकू टाकू देत नाहीत. छप्पन साली त्यांच्या घराने धम्म स्वीकारला, तेव्हापासून पूजा सुटली.

"पण खांदे चोळणं ही पूजा नाही," ते म्हणाले. "जो राबला त्याची जाण हाये ते."

जेवण त्यांच्याच घरी झालं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली शिस्तीत मांडलेले मोटारीचे पाने. त्यांच्या पत्नीने ज्वारीची भाकर आणि सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) झणझणीत भाजी वाढली. सुदामभाऊ सांगत होते, मागे अकोल्याचा एक व्यापारी आला होता. नुसतं इंजिन काढून बोटीला लावायचं म्हणाला. त्याला पाणीही न देता परत पाठवला. माझ्या घशात घास अडकला. ठसका तिखटाचा आहे असं समजून बाईंनी गूळ पुढे केला.

मला विषय बदलायचा होता म्हणून विचारलं, सिनेमा पाहता का? ते हसले.

"तंबू लागला का रोज जातो. माणसं नाही पाहत मी, मोटारी पाहतो."

त्यानंतर गुळाचीही चव लागेना.

दुपारी त्यांनी मला मोटार चालवायला लावली. बैल घेणाऱ्याला तो आधी जुंपून पाहायला देतात, इथे उलट माझीच परीक्षा होती. स्टीअरिंग डावीकडे, बैलगाड्या समोरून, आणि शेजारी बसलेले सुदामभाऊ डोळे मिटून नुसतं इंजिन ऐकत होते. एका वळणावर मी गिअर खरवडला. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांच्या गुडघ्यावरच्या हाताची मूठ वळली. खरं सांगून टाकावं असं मला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा कड्यावर लागणारे कॅमेरे आणि माझी नोकरी आठवली.

परत आलो तर गोठ्यापुढे दहाबारा माणसं जमली होती. विनायकरावांनी मला बाजूला घेऊन इथली रीत सांगितली. जनावर घेणारा त्याच्या पाठीवर हात ठेवून कोणत्या घरी नेतो ते चारचौघांत बोलतो. मग विकणारा जनावर सोडतो, पण दावं (बांधायची दोरी) स्वतःकडे ठेवतो. दावं घरात राहिलं की गोठा रिकामा राहत नाही.

"तुम्ही बोलून टाका," ते म्हणाले, "त्यांच्या मनाचं समाधान."

बॉनेट अजून गरम होतं. मी हात ठेवला.

"कोणाच्या घरी जाऊन राह्यली, साहेब?" सुदामभाऊंनी विचारलं. "मोडाले तर नेत नाही ना?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. बॉनेटचा चटका बसत होता, पण हात उचलण्याची माझी छाती झाली नाही.

"माझ्या घरी," मी म्हणालो. "माझ्या मुलीला मोटारींचा फार नाद आहे. ती चालवेल."

मला मुलगी नाही. माझं लग्नच झालेलं नव्हतं.

सुदामभाऊंचा चेहरा असा उजळला, की मी मान खाली घातली. त्यांनी पत्ता मागितला, मी दिला. तोही खोटा द्यायला सुचलं नाही, एवढाच माझा प्रामाणिकपणा. मग त्यांनी किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. मी चमकलो. त्यांनी समजावलं, की या मोटारीचा स्विच कुलपाच्या (लॉकच्या) खुणेपर्यंत फिरवला नाही तर ती किल्लीवाचून चालू होते.

"दावं मी ठेवतो," ते म्हणाले. "पोरीले सांगा, नवी किल्ली बनवून घे."

मेहकर, जालना, औरंगाबाद, नाशिक. दोन दिवसांत मुंबई गाठली. रस्त्यात पोरं मागे धावत होती, पेट्रोल पंपावरचे लोक हात लावून पाहत होते. एकदाही ती बंद पडली नाही. पडली असती तर बरं झालं असतं असं मला नाशिकपर्यंत वाटत होतं, आणि तरी मी तिला नीट चालवत मुक्कामाला आणली. आठ दिवसांनी सकाळच्या उन्हात ती कड्यावरून गेली. एकाच फटक्यात शॉट ओके झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

त्या वर्षी पोळ्याला सुदामभाऊंचं पोस्टकार्ड आलं. तेल चोळलं का? पोरीचा हात बसला का? मी उत्तर लिहिलं, चोळलं, बसला. पुढच्या वर्षी पुन्हा कार्ड, पुन्हा माझं उत्तर. तिसऱ्या वर्षी तर मी त्या मुलीला नावही देऊन टाकलं. एकीकडे आमचा सिनेमा मोठी शहरं उरकून जिल्ह्यांतून फिरत होता. कंपनीत रिळं कुठे गेली याची यादी लागे, ती मी रोज पाहत असे. एका सकाळी तिच्यात अकोला आलं, काही महिन्यांनी वाशीम.

चौथ्या पोळ्याला कार्ड आलं नाही. दिवाळीच्या सुमारास एक पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती. जवसाच्या तेलाचा वास असलेल्या फडक्यात गुंडाळलेली ती किल्ली होती.

प्रवासाहून माणूस काही ना काही घेऊन येतो. माझ्या टेबलाच्या खणात ही किल्ली आहे. केनवडला जाऊन त्यांच्यापुढे उभं राहावं म्हणून मी दोनदा अकोल्याचं तिकीट काढलं. दोन्ही वेळा ते परत केलं.