मेडशीची वांगी आणि राखीव गोलकीपर

अकोल्याहून सुटलेली एसटी पातूरच्या घाटात तापली आणि आम्हाला पळसाखाली बसवून कंडक्टर पाणी शोधायला गेला. चैत्रातल्या पळसाची सावली ती किती असणार! तरी मी खुशीत होतो. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण मेडशीला रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी मिळणार होती. वांग्यासाठी मी याहून लांब गेलेलो आहे.

निमित्त मंगेशचं. सरावासाठी पुण्यात आला तेव्हा दोन वर्षं तो आमच्या माडीवर राहिला. आता देशातल्या मोठ्या लीगमध्ये तो एका संघाचा राखीव गोलकीपर आहे. म्हणजे अख्खा हंगाम बाकावर. करारही याच हंगामापुरता. आज शेवटचा सामना होता आणि त्यात हरण्या-जिंकण्यानं संघाला काही फरक पडणार नव्हता, म्हणून कोच आपल्याला बहुतेक खेळवेल, असं त्यानं घरी कळवलं होतं. त्याचे वडील प्रल्हादभाऊ यांनी त्यातलं 'बहुतेक' गाळलं आणि सगळ्या वस्तीला जेवायला बोलावलं.

मी पोचलो तेव्हा वांग्याच्या वाफ्यांशेजारी गोवऱ्या धगधगत होत्या. टीव्ही अंगणात आणलेला. मंगेशची आई कांताबाई यांनी पाण्याआधी माझ्या हातावर भाजीचा रस्सा ठेवला.

"मीठ पाहून सांगा न भाऊ."

"तुम्हीच बघा की, वहिनी!"

"मले चालत नाय. म्या वांगं सोडलं. पोरगा गोलात उभा राह्यल्याबिगर खाणार नाय."

मी चाटच पडलो. ही बाई रोज पहाटे वांगी तोडते, जवळच्या मालेगावच्या बाजारात नेते, आणि हंगाम सुरू झाल्यापासून तिनं फोडीला जीभ लावलेली नाही! मीठ थोडं कमी होतं. मी सांगितलं, तिनं टाकलं.

पाच वाजता सामना सुरू झाला. गोलात दुसराच माणूस होता. मंगेश बाकावर, अंगात जाकीट. शेजारचे म्हातारे किसनबुवा म्हणाले, "काहून रे प्रल्हाद, हा कोच आपल्या पोराले पाहून नाय राह्यला काय?"

"थांबा न बुवा. अजून लय टाइम आहे," प्रल्हादभाऊ म्हणाले, पण त्यांचा हात उगाच गोवऱ्या ढवळत होता.

मध्यंतर झालं, पंगत बसली. रोडगे फुटले, तुपात बुडाले. शेवटची दहा मिनिटं उरली होती, तेव्हा समोरचा एक गडी त्या गोलकीपरवर आदळला आणि तो गुडघा धरून लोळायला लागला. मंगेश उठला. त्यानं जाकीट काढलं, हातमोजे चढवले. अंगण ओरडत उभं राहिलं. परक्याच्या दुखण्यावर असा खूश मी जन्मात झालो नव्हतो, आणि त्याची मला लाजही वाटली. कांताबाईंनी ताट घेतलं आणि एक वांगं वाढून घेतलं. खाल्लं नाही. हातात ताट घेऊन टीव्हीकडे बघत राहिल्या.

तो गोलकीपर उठला. लंगडत चार पावलं चालला, मग पळाला. मंगेशनं हातमोजे काढले.

कांताबाईंनी ते वांगं हलकेच उचलून माझ्या ताटात घातलं. "तुमी खा भाऊ. थंडं होऊन राह्यलं." मी खाल्लं.

सामना संपल्यावर फोन आला. मंगेशचा आवाज बसलेला. "माय, तू खाऊन घे आता वांगं. पुढच्या साली ठेवतात का नाय, कोणाले माहीत."

"तू कायले माह्या जेवणाची काळजी करतं?" कांताबाई म्हणाल्या. "पालक हाय, मेथी हाय. तू जेवला का?"

दुसऱ्या दिवशी मेडशीच्या फाट्यावर प्रल्हादभाऊंनी एसटीच्या खिडकीतून वांग्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. नको म्हणायचं धाडस झालं नाही. घाट उतरताना एसटी या वेळी तापली नाही. सगळी वाट ती पिशवी मी सांभाळून धरली होती.

घरी बायकोनं भरली वांगी केली. वास सगळ्या जिन्यात गेला. तिनं वाढायला घेतलं, तसा मी ताटावर हात आडवा धरला.

"का हो? बरं नाही का?"

"बरा आहे," मी म्हटलं. "मंगेश खेळला की वाढ."