थोरात सिस्टरांचा वॉर्ड

मी आणि रेहाना मिसळ खायला बसलो की शेजारचं टेबल हळूच रिकामं होतं! दोष मिसळीचा नाही, आमच्या गप्पांचा. जन्मभर नर्सिंग केलेल्या बायका जेवताना बोलणार काय? टाके, उलट्या, ड्रेसिंग! पण तर्री संपत आली की गाडी जुन्या वॉर्डाकडे वळते, आणि तिथून आमच्या इन्चार्ज थोरात सिस्टरांकडे. किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. ड्रॉवरमध्ये रबरबँड साठतात, तसे ते साठत जातात.

*

पिंपळगावचे एक टेम्पोवाले काका डायबेटीससाठी ॲडमिट होते. भारी बोलके. एका सकाळी मात्र बायकोवर खेकसले, पोह्यांची डिश सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

"रागावलेत," काकू म्हणाल्या. "मीठ कमी पडलं."

थोरात सिस्टरांनी जाता जाता काकांच्या कपाळाला हात लावला. थंडगार घाम!

"हा राग नाही. रेहाना, शुगर बघ!"

सकाळचं इन्सुलिन गेलेलं, पोटात काही नाही. शुगर पार खाली. डॉक्टरांना निरोप गेला. काका अजून गिळू शकत होते, म्हणून लगेच साखरेचं पाणी पाजलं. थोड्या वेळानं काकांना हसू फुटलं.

"लय गोड हाय! पण सिस्टर, मला तर साखर बंद केलीय ना तुम्ही?"

*

नामपूरचे एक बाबा हर्नियाच्या ऑपरेशनला आले. मी विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"काहीच खादं नही, ताई!"

स्ट्रेचरवर घेताना थोरात सिस्टरांना त्यांच्या मिशीला साय दिसली. "बाबा, चहा?"

"चहा का कोनी खातस? तो पिना मी!"

ऑपरेशन पुढे गेलं. थोरात सिस्टर मला म्हणाल्या, "यापुढे असं विचारायचं, सकाळपासून तोंडात काय काय गेलं?"

दुसऱ्या दिवशी मी बाबांना तसंच विचारलं. बाबांनी नीट आठवून सांगितलं, "थर्मामीटर!"

*

सुरगाण्याकडची एक आजी होती. पोटाचं ऑपरेशन झालेलं, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. रेहानानं विचारलं, "आजी, शून्य ते दहामध्ये दुखणं किती?"

आजीनं घाबरून विचारलं, "किती सांगितलं तर चालंल?"

थोरात सिस्टरांनी आकडा विचारणंच सोडलं. "खोकून दाखवा बरं." आजीनं खोकायचं टाळलं आणि चादर मुठीत आवळली. डॉक्टरांना सांगून दुखण्याचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी आजी कुशीवर वळून शेजारणीशी गप्पा मारत होती. रेहानाला बघून म्हणाली, "पोरी, आता इचार. आता शून्य सांगते!"

*

मखमलाबादच्या एक माळीणबाई खुब्याच्या ऑपरेशननंतर भ्रमल्या होत्या. दिवस कलला की उठू बघायच्या. "शेवंती राहिली तोडायची! मार्केटची गाडी निघंल!" मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "बांधून ठेवा हो सिस्टर, पडेल ती."

"बांधायचं काय? हातांना काम द्या," थोरात सिस्टर म्हणाल्या.

रेहाना गेटवरच्या फुलवालीकडून शेवंती घेऊन आली. बाईंच्या डोळ्यांत ओळख नव्हती, पण बोटांना सगळं आठवत होतं. एकीकडे माळ, एकीकडे मुलाशी पिकाच्या गोष्टी! उठायचं नाव नाही. सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी बघितलं तर प्रत्येक सलाईन स्टँडला हार!

"आज कोणाचा सत्कार आहे?" त्यांनी विचारलं.

*

आता हा किस्सा. थोरात सिस्टरांना तो आठवत नाही. सांगितला की म्हणतात, "थापा मारता!"

रिटायर झाल्यावर मागच्या हिवाळ्यात त्या न्यूमोनियानं ॲडमिट झाल्या. माझ्याच वॉर्डात. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, अंग तापलेलं. सून हळूच म्हणाली, "कालपासून कोणालाच ओळखत नाहीत."

मी वाकले. "सिस्टर, मी सुनंदा."

त्यांचा हात चाचपडत आला आणि त्यांनी माझं मनगट धरलं. मला भरून आलं. पलीकडे रेहाना डोळे पुसत होती. त्यांनी हात सोडलाच नाही.

मग माझ्या लक्षात आलं. त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती, आणि ओठ हलत होते.

मोजून झाल्यावर त्यांनी मास्क जरासा बाजूला केला.

"फार जोरात चाललीय तुझी नाडी. आधी बस. पाणी पी. मग माझ्याकडे बघ."