विहीणबाई जंगलात राहतात

पाण्याशी सोयरीक जुळवणारा माणूस पृथ्वीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या धाकट्या बहिणीच्या पदरात पडला. आमचे जावईबापू भिलाईच्या कारखान्यात पाणीपुरवठ्याकडे होते. निवृत्त झाले, पण पाणी काही सुटलं नाही. कुणाच्याही घरी गेले की पेला हातात घेऊन डोळे मिटतात, घोट तोंडात घोळवतात आणि निकाल देतात. मोहन नगरात माझ्या पुतण्याकडे म्हणाले, "हे पानी सालाच्या झाडाच्या मुळातून आलं हाये, बाई. वास पाहा." ते कोपऱ्यावरच्या दुकानातल्या कॅनमधलं होतं. पुतण्या हसला. जावईबापू म्हणाले, "मंग कॅन काय आभाळातून भरते का रे?" पेल्यात कुणी पाणी उरवलं तर स्वतः पिऊन टाकतात. एका नव्या सुनेचं उष्टं पाणीही त्यांनी असंच संपवलं. ती पुढे कितीतरी दिवस त्यांच्यासमोर आली नाही.

त्यांचं म्हणणं असं, की आपल्या नळाचं पाणी ही सून. तिचं माहेर बालोदच्या वरच्या जंगलातला झरा. म्हणजे तो झरा आपली विहीणबाई, आणि विहिणीचा मान चुकवायचा नाही. दर चैत्रात बहिणीला घेऊन ते जायचे आणि झऱ्याकाठी रीतसर ओटी भरायला लावायचे. एकदा बहिणीची चांगली साडी नेली. माकडांनी ती झाडाच्या शेंड्यावर वाळत घातली. तेव्हापासून खणावर भागवतात. मी विचारलं, "जंगलातल्या डबक्याले खण कावून लागते?" तर म्हणाले, "बाई, जंगल पावसाचं पानी धरून ठेवते अन् उन्हाळाभर थोडं थोडं देऊन राहते. तुमी शेजारणीले वाटीभर साखर तरी देता का?" मी देत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

यंदा गुडघ्यांनी त्यांना घरात बसवलं. बहिणीला त्यांना सोडून जाता येईना. "विहीण वाट पाहून राहिली असन," हे इतक्यांदा ऐकलं, की कटकट नको म्हणून मीच खण-नारळ घेतला आणि पुतण्याच्या गाडीतून गेले. निघताना त्यांनी हातात रिकामी बाटली दिली. "वाहून राहिली का, एवढं पाहून या."

झऱ्याच्या वरच्या उतारावर झाडं नव्हती. रस्ता रुंद होत होता. झऱ्याच्या जागी गोटे, आणि वाळलेल्या चिखलात अस्वलाचे पाय उमटलेले. सरपण वेचणारी एक म्हातारी म्हणाली, "जंगल कटगे दाई, झिरिया सुखागे." जंगल तुटलं, झरा सुकला. नव्या भाताचे पहिले दाणे तिचं गाव इथंच वाहायचं. आता हातपंपापाशी वाहतात. गोट्यांची ओटी भरायला मला जमेना, आणि ओटीचा नारळ परत न्यायचा नसतो. मी म्हातारीला खाली बसवलं, कुंकू लावलं आणि तिचीच ओटी भरली. ती लाजली.

परतले तेव्हा जावईबापू दारात खुर्ची टाकून बसले होते. मला गोड बोलता येत नाही. "आटला," म्हटलं. "बाटली रिकामीच हाये." अस्वलाच्या पायांचंही सांगितलं. त्यांनी बाटली मांडीवर घेतली. मग म्हणाले, "बाई, मंग ते अस्वल आता कुठं पीत असन?"

इतकी वर्षं रोज सकाळी नळ सोडते, पण मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसले.