अंबूबाईची न्हाणी

अंबूबाईचं न्हाणं उभ्या जन्मात कधी निवांत झालं नाही, आणि याचा तिला मनापासून राग होता. देऊळघाटच्या अलीकडच्या त्या गावात नांदून तिचे केस पांढरे झाले, पण अंघोळ तीच. घरामागं एक दगड, भोवती तुराट्यांचा कूड, अन् त्या कुडाला ही भोकं! अंगावरच्या लुगड्यानिशी दोन तांबे ओतायचे, पदर दातात धरून कसंबसं कोरडं नेसायचं. पलीकडून कोणी खाकरलं की जागच्या जागी अंग चोरून बसायचं. पुरुष मात्र भर अंगणात चड्डीवर गाणी म्हणत अंघोळ करणार. त्यांना कसला कूड अन् कसलं काय!

घरात बीटीचं बियाणं आलं, फवारणीचा पंप आला, मोटारसायकल आली, बैठकीत पंखाही फिरायला लागला. न्हाणीचं विचारलं की तिचा नवरा भगवानराव म्हणायचा, "यंदाचा कापूस होऊ दे." अहो, कापूस दरसाल होतच होता की! कधी बोंडअळीनं खाल्ला, कधी भावानं मारला, पण बैठकीला रंग लागायचा तो लागलाच.

शेवटी तिनं स्वतःच्या शेळ्या विकल्या आणि देऊळघाटच्या मुजम्मिल मिस्त्रीला बोलावलं. गोठ्याची भिंत आणि घर यांच्यामध्ये एका खाटेएवढी जागा होती. मुजम्मिलनं ती पाहिली नि डोकं खाजवलं.

"काकू, हे तं कोंबड्याचं खुराडं होईन."

"मले सारा जलम खुराड्यातच बसवलं बाप्पा. आता मले मोकळं वाटलं पाह्यजे. काढ काही मार्ग."

मग दोघं भांडत भांडत कामाला लागले. दार आत उघडलं तर अर्धी जागा दारच खाईल, म्हणून ते बाहेर उघडणारं केलं. पाण्याची टाकी भिंतीपलीकडं ठेवून आत फक्त नळ घेतला. साबणाला फळी ठोकली तर कोपराला लागेल, म्हणून भिंतीतच कोनाडा काढला. फरशी पांढरी, पण पाय न घसरणारी. भिंतींनाही डोक्याच्या वरपर्यंत पांढऱ्याच टाइल्स. खिडकी अगदी छताखाली, म्हणजे उजेड आत येईल, कोणाची नजर येणार नाही. मुजम्मिल आरसा लावायला निघाला तशी ती उखडली.

"मले या वयात काय नटाचं हाय का बे?"

"नटाले नाही, काकू. आरशानं जागा दुप्पट दिसते."

"मंग लाव. मोठा लाव."

काम झालं. सिमेंट वाळेपर्यंत पाणी सोडू नका, असं मिस्त्री बजावून गेला. तेवढ्यात अंबूबाई लेकीकडं, गार्गीकडं, चिखलीला जाऊन आली. तिथंही ती दुसरं काही बोलली असेल तर शपथ! न्हाणी, न्हाणी आणि न्हाणी.

त्या साली कापसाचा भाव पडला होता. भाव चढेल तेव्हा विकू, म्हणून गावात ज्यानं त्यानं कापूस घरात भरून ठेवला होता. माणसं कापसावर झोपत आणि रात्रंदिवस अंग खाजवत. चिखलीहून परतताना एसटीतच अंबूबाईनं ठरवलं, आज पहिली अंघोळ, चांगली घासून. घरी आली ती टॉवेल घेऊन थेट मागं गेली. कडी काढली, दार ओढलं, आणि छातीइतका कापूस भस्सकन तिच्या अंगावर आला.

"पाह्यलं काय वं?" भगवानराव मागून कौतुकानं म्हणाला. "काय जागा केली तू! दिसाले एवढीशी, पण किती मावला! उंदीर नाही, ओल नाही. असं गोदाम साऱ्या गावात नाही."

गोदाम! तिच्या शेळ्या, तिची न्हाणी, आणि हा माणूस तिला गोदामाची शाबासकी देतो! अंबूबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं चुलीवर पाणी तापवलं, बादली भरली, आणि दारात येऊन ती उचलून धरली.

"मी आज इथंच न्हाणार. कापूस काढता का त्याच्यावरूनच ओतू?"

"अवं, भिजला तं व्यापारी हात नाही लावणार!"

"मले खाज सुटली, ते दिसत नाही तुमाले? कापूस कोरडा राह्यला पाह्यजे, बायको सडली तरी चालते, हो ना?"

भगवानरावानं तिचा चेहरा पाहिला आणि धोतराचा काचा मारला. गाठोडी बांधता बांधता कुरकुरला, "मंग ठेवू कुठं?"

"बैठकीत."

"पाहुणे कुठं बसतीन?"

"कुडात बसवा. लई हवा लागते तिथं."

कापूस निघाला. तिनं फरशी झाडली, आत गेली, कडी लावली. छताखालून ऊन येत होतं आणि पांढऱ्या भिंती लखलखत होत्या. तिनं हात पसरले. कुठंच लागले नाहीत. मग खाली बसून तिनं पहिला तांब्या अंगावर ओतला.

समोर आरशात एक म्हातारी भिजलेल्या लुगड्यात अंग चोरून बसली होती, पदर दातात धरून.

"काऊन वं?" अंबूबाई तिच्यावर खेकसली. "आता कोणाले लपून राह्यली?"

ती उठली, लुगडं फेडलं, दारामागच्या खुंटीला टांगलं आणि मोठ्यानं एक गाणं म्हणत दुसरा तांब्या ओतला.